सही लागते ती फक्त तिची

"आधी नवऱ्याची सही आणा." एवढे ऐकून वस्तीतल्या कितीतरी भगिनी दवाखान्यातून परत फिरतात. मग मेडिकलमधून चोरून गोळ्या आणतात, नाहीतर भोंदू डॉक्टर गाठतात. कायदा मात्र वेगळे सांगतो.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. स्त्रीचे वय १८ पूर्ण असेल, तर फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर पालकांची लेखी संमती लागते.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. तिच्या शरीराला किंवा मनाला धोका, बाळात गंभीर दोष, बलात्कार, गर्भनिरोधक साधन निकामी होणे ही कारणे चालतात. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते. ही मुभा बलात्कारपीडित, अल्पवयीन, अपंग, तसेच गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रियांसाठी आहे. अविवाहितेलाही ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले.

"तांबी बसवा, ऑपरेशन करा, तरच गर्भपात करू" अशी अट घालता येत नाही. तिचे नाव बाहेर फोडणे हा गुन्हा आहे.

गर्भलिंग तपासणी हा वेगळा गुन्हा. त्याचा कायदा १९९४ चा. त्याची भीती दाखवून कायदेशीर गर्भपात नाकारणे चूक आहे.

गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही, आणि नळी फुटली तर जीव जातो. तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप आला, पोटात असह्य दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

१९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. मूल कधी व्हावे हे बाईने ठरवावे, हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही.

पाळी चुकली, तर लाजेत आठवडे घालवू नका. आधी तपासणी करा. आशाताईंना विचारा, सरकारी रुग्णालयात जा. शेजारची मुलगी घाबरलेली दिसली, तर तिला बोल लावू नका, तिच्यासोबत जा.