अधांतरी थबकलेला पाळणा

२५ जानेवारी २०२४ रोजी सायंकाळी अमेरिकेतील टाहो सरोवरानजीकच्या एका हिमक्रीडाकेंद्रात एक थकलेली स्त्री डोंगरावरून खाली येण्यासाठी रज्जुमार्गाच्या बंदिस्त पाळण्यात बसली. थोड्याच वेळात दिवसाचे काम संपले म्हणून यंत्र बंद करण्यात आले. एका पाळण्यात माणूस आहे, हे कोणाच्याही ध्यानी आले नाही. तिच्याजवळ दूरध्वनी नव्हता व तिच्या हाका कोणास ऐकू गेल्या नाहीत. हातपाय चोळीत तिने सुमारे १५ तास काढले. सकाळी यंत्र सुरू झाले, तेव्हा ती जिवंत खाली आली.

इतका दीर्घ प्रसंग विरळाच. तथापि असा पाळणा मध्येच का थांबतो व थांबल्यास काय करावे, हे प्रवाशाने जाणून घेणे इष्ट होय.

स्की पायांना बांधून उतारावरून घसरत येणाऱ्यास पुन्हा माथा गाठावा लागतो. हे श्रम वाचविण्यासाठी युनियन पॅसिफिक रेल्वेतील जेम्स करन या अभियंत्याने खुर्च्यांचा रज्जुमार्ग योजिला. जहाजांवर केळीचे घड चढविणारी यंत्रे त्यास ठाऊक होती. घडाच्या जागी खुर्ची टांगावी, अशी त्याची कल्पना. १९३६ साली आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे ती प्रत्यक्षात आली. काश्मीरमधील गुलमर्ग येथेही आता अशी सोय आहे.

या यंत्राची रचना आपल्या राहाटगाडग्याची आठवण करून देते. पायथ्याशी व माथ्याशी एकेक मोठे चक्र असते. त्यांभोवती पोलादी दोराचा अखंड फेर फिरतो व त्यास ठरावीक अंतरावर खुर्च्या लटकतात. वाटेतील मनोऱ्यांवरील लहान चाके दोरास आधार देतात.

दोर एकच असल्यामुळे एक खुर्ची थांबवावयाची तर सर्वच थांबतात. चढता-उतरताना कोणी पडला, तर सेवक तत्क्षणी यंत्र थांबवितो. अडथळा दूर होताच ते पुन्हा चालू होते. वारा फार वाढला, वीज गेली अथवा दोर चाकावरून सरकल्याची सूचना मनोऱ्यावरून आली, तरीही यंत्र थांबते आणि खुर्च्या उतारावरून मागे घसरू नयेत म्हणून रोधक आवळले जातात. म्हणजे थांबणे हा बहुधा बिघाड नसून संरक्षणाचाच एक भाग असतो. वीज गेल्यास राखीव एंजिनाच्या साहाय्याने दोर सावकाश फिरवून लोकांना उतरविता येते.

खरा धोका उतावळेपणात आहे. ८ मीटर उंचीवरून उडी घेतली, तर सव्वा सेकंदात माणूस ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. शिवाय भार अकस्मात कमी झाल्याने दोर उसळतो व शेजारच्या खुर्च्यांनाही हिसका बसतो.

दुसरा शत्रू थंडी. हवा उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वारा वाहिला, तर उघड्या त्वचेस ती उणे २० अंशांसारखी जाणवते. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली गेले, की बुद्धी मंदावू लागते. यास्तव डोके व मान झाकावी, हातपायांची बोटे सतत हालवावीत आणि सहप्रवाशाच्या निकट बसावे.

यंत्र सुरू होणे अशक्यच ठरले, तर बचावपथक दोरावरून दुसरी दोरी टाकून प्रत्येकास लहानशा बैठकीवर अलगद खाली सोडते. जेथे उंची फार, तेथे हे काम अतिशय बिकट होते. एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातील देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर रज्जुमार्ग कोलमडला, तेव्हा सुटकेस ४० तासांहून अधिक काळ लागला. चाळीसहून अधिक लोक वाचले. तिघे दगावले आणि त्यांपैकी दोघे हेलिकॉप्टरने सुटका करीत असताना कोसळले.

परंतु वर कोणी आहे हे खाली ठाऊक असेल, तरच दोरी, एंजिन व हेलिकॉप्टर यांचा उपयोग. म्हणून शेवटचा प्रवासी कोणत्या क्रमांकाच्या पाळण्यात बसला, हे एका टोकाच्या सेवकाने दुसऱ्या टोकास कळवावे व तो उतरल्याचा निरोप आल्यावाचून यंत्र बंद करू नये. टाहो येथील त्या रात्री उणीव होती ती एवढ्या एका निरोपाची.