मुद्दल, व्याज आणि मासे

प्राणिसंख्येची वाढ गणिताच्या चौकटीत बसविण्याचा प्रयत्न नवा नाही. १८३८ साली बेल्जियमचे गणितज्ञ व्हर्हुल्स्ट यांनी मांडलेले अवकल समीकरण आजही या अभ्यासाचा पाया मानले जाते. संख्या कोणत्या वेगाने बदलेल, हे त्या क्षणीच्या संख्येवरून ते सांगते. चक्रवाढ व्याज ज्याला कळते, त्याला त्याचा आशय सहज कळावा. फरक इतकाच की, निसर्गाच्या पेढीत मुद्दल वाढते तसतसा व्याजाचा दर घटतो. अन्न आणि जागा यांची मर्यादा गाठली की तो शून्यावर येतो. म्हणून सर्वाधिक व्याज मिळते, ते मुद्दल या मर्यादेच्या निम्मे असताना.

हे कमाल व्याज दरवर्षी उचलावे आणि मुद्दल अभंग राखावे, असा विचार विसाव्या शतकाच्या मध्यास मत्स्यव्यवसायात रूढ झाला. तो दिसतो तितका निर्धोक नाही. समजा, एखाद्या समुद्राची मर्यादा १० लाख टन आणि वाढीचा मूळ दर २० टक्के आहे. साठा ५ लाख टन असता वार्षिक वाढ ५० हजार टन होईल. परंतु साठा प्रत्यक्षात ४ लाखच असला, तर वाढ ४८ हजार. उचल मात्र ५० हजार! तूट मुद्दलातून भरली जाते, घटलेले मुद्दल आणखी कमी व्याज देते आणि तूट वर्षागणिक रुंदावते.

साठ्याचा अंदाज चुकल्यास काय ओढवते, हे कॅनडाच्या न्यू फाउंडलंड किनाऱ्याने अनुभवले. १९६८ साली तेथे सुमारे ८ लाख टन कॉड मासे पकडले गेले. १९७७ नंतर कॅनडाचे धोरण कागदोपत्री सावध होते. पण साठ्याचे अंदाज बव्हंशी ट्रॉलरांना मिळणाऱ्या माशांवर बेतलेले होते. उरलेले मासे दाटीने एकत्र येत. त्यामुळे जाळी भरत राहिली आणि कागदावरचा साठा फुगलेलाच राहिला. जुलै १९९२ मध्ये ही मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी अधिकृतपणे उठण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

येथे समीकरणाला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. त्याचे उत्तर त्यात घातलेल्या आकड्यांइतकेच खरे असते, आणि समुद्रातले मासे कोणास नेमके मोजता येत नाहीत. तेव्हा उचल कमाल व्याजाच्या बरीच खाली ठेवणे आणि साठा घटल्याची शंका येताच ती कमी करणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. चुकीच्या अंदाजाची वसुली अखेर किनाऱ्यावरच्या कुटुंबांकडूनच होते, याचा विसर धोरणकर्त्यांना पडता कामा नये.