चातुर्मासातला कॅमेरा

आषाढी चौदस जवळ आली की आमच्या घरी एक संवाद ठरलेला असतो. मी कपाटातून कॅमेऱ्याची पिशवी काढतो, दमट हवेने लेन्सवर बुरशी धरली नाही ना ते उजेडात पाहतो, आणि सौ. शांतपणे म्हणते, "महाराजसाहेबांचा विहार थांबायची वेळ झाली आणि तुमचा सुरू व्हायची."

पहिली दोन वर्षे या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, पावलागणिक हिंसा घडण्याचा संभव असतो, म्हणून साधुसाध्वी चार महिने एका ठिकाणी स्थिर होतात. भूमी जीवांनी भरलेली असते, नेमक्या याच कारणासाठी मी कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोलीला जातो. कीटकांची छायाचित्रे काढणे हा माझा निवृत्तीनंतरचा छंद आहे.

हा छंद लागला तो योगायोगाने. भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. आयुष्यभर बँकेत इतरांच्या खातेवह्यांतील बारीक चुका शोधल्या. त्या सवयीला निवृत्तीनंतर काही काम हवेच होते.

मॅक्रो छायाचित्रणाचा हिशेब सोपा आहे. कीटक जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा कॅमेऱ्यातील सेन्सरवर उमटली, की ते प्रमाण एकास एक झाले. मोठा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे दीड इंचाहून किंचित लहान नाकतोडा संपूर्ण चौकट व्यापून टाकतो आणि नंतर पडद्यावर त्याच्या जबड्याजवळचे केससुद्धा मोजता येतात. पण निसर्ग काहीही फुकट देत नाही. प्रतिमा इतकी मोठी झाली की स्पष्टतेची खोली आटते. अ‍ॅपर्चर एफ ११ इतके लहान ठेवले तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा स्पष्ट येतो. त्याच्या मागचे-पुढचे सारे धूसर. डोळा साधला तर मिशी हरवते. अशा वेळी फोकसचे कडे फिरवत बसण्यात अर्थ नसतो. कोपर गुडघ्यावर टेकवायचे, श्वास अर्ध्यावर थांबवायचा आणि सारे शरीरच केसभर पुढे-मागे झुलवायचे. साठी उलटलेल्या माणसाची कंबर त्यावर काय बोलते, ते येथे लिहीत नाही.

साधनांच्या खर्चाला मात्र घाबरू नये. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स महाग असते खरी, पण जुनी पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स उलटी बसवणारी एक धातूची कडी स्वस्तात मिळते आणि कामही भागवते. फ्लॅश अत्यावश्यक. कमी शक्तीवर ठेवला तर त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजारो भागांतील एखादाच भाग टिकतो आणि हाताचा कंप चित्रात उतरत नाही. उघड्या फ्लॅशने भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो, म्हणून मध्ये काहीतरी झिरझिरीत धरावे. मी धरतो तो आपल्या दुकानांत मालाच्या खोक्यांतून येणारा पांढरा फोमचा तुकडा. विकतचे अनेक प्रकार वापरून शेवटी त्यावरच आलो.

वेळ पहाटेची उत्तम. कीटकांचे रक्त थंड असते. उन्हाची ऊब मिळेपर्यंत ते जागचे फारसे हलत नाहीत. चतुर आणि टाचण्या दवाचे थेंब अंगावर घेऊन गवताच्या पात्याला धरून असतात. एकदा अशाच पहाटे मी पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांपैकी एकीचे चित्र घेतले. घरी पडद्यावर पाय मोजले तर आठ! तो कोळी होता. पुढचे दोन पाय मिशांसारखे उंच धरून मुंगीचे सोंग घेणारा. चावऱ्या मुंग्यांच्या वाटेला पक्षी सहसा जात नाहीत, म्हणून हा वेश. बँकेत खोट्या सह्या पुष्कळ पाहिल्या, पण इतकी हुबेहूब एकही नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

या छंदात एक काळोखी बाजू आहे. कीटक स्थिर राहावा म्हणून त्याला डबीत घालून शीतकपाटात ठेवणारे लोक आहेत. डिंकाने चिकटवणारेही आहेत. लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील कीटकांची जी विख्यात चित्रे केली, त्यांतील एकेका चित्रामागे आठ हजारांहून अधिक छायाचित्रे आहेत. पण ते नमुने संग्रहातील, मृत होते, आणि तो तसे स्पष्ट सांगतो. तसली स्पष्टता रानातील जिवंत जीवाकडून मिळवण्याचा हट्ट धरला की हात डबीकडे वळतात. शीतकपाटाचा मार्ग मी कधी धरला नाही, पण त्यावरून स्वतःला निर्दोष समजत होतो हीच माझी चूक.

तिसऱ्या वर्षी आंबोलीत एका गटाबरोबर मी रात्रीचे पतंग टिपायला थांबलो. रीत अशी : अंगणात पांढरी चादर ताणायची, तिच्यावर प्रखर दिवा सोडायचा आणि वाट पाहायची. अर्ध्या तासात चादर दिसेनाशी झाली. दहाच्या सुमारास एक मून मॉथ आला. फिकट पोपटी पंख, मागे लांब पिळदार शेपट्या. या पतंगाला पूर्णावस्थेत अन्न घेता येत नाही. सुरवंट असताना साठवले तेवढ्यावर आठवडाभर जगायचे आणि त्या मोजक्या रात्रींत जोडीदार शोधायचा. हे मला तेव्हा ठाऊक होते. तरीही मी त्याची चाळीस चित्रे घेतली. झोपायला गेलो तेव्हा दिवा चालूच होता. विझवण्याचे कुणाच्याच मनात आले नाही.

पहाटे बुलबुल आणि कोतवाल चादरीवर न्याहारीला जमले होते. खाली फरशीवर नुसते पंख. त्यांत एक पोपटी शेपटी.

आमची लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी होती. आई सुपात ज्वारी घेऊन बसे, तेव्हा शेजारी एक रिकामी वाटी असे. निघालेला प्रत्येक सोंडा त्या वाटीत, आणि वाटी संध्याकाळी परसात सावलीला. सूर्यास्तानंतर स्वयंपाकघरात दिवा लावायची तिला नावड होती. "दिव्याला जीव येतात रे," एवढेच ती म्हणायची. लहानपणी मला तो नियम जेवणाचा वाटत असे. त्या फरशीपाशी उभा असताना समजले की तो दिव्याचा होता.

पतंगांचे अभ्यासक चादर लावतात, पण जाणकार माणूस दिवा मध्यरात्रीच विझवतो आणि उजाडण्यापूर्वी चादर झटकून पतंगांना झाडीत जाऊ देतो. त्यांच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. माझ्या छंदासाठी मात्र मी दिवा सोडला.

पावलांचा प्रश्न उरला होता, सौभाग्यवतींचा. त्यावर हळूहळू एक पद्धत बसली. मी गवतात शिरत नाही. डांबरी रस्त्याची कड, देवळाच्या पायऱ्या, विश्रामगृहाची दगडी भिंत, एवढेच माझे क्षेत्र. गुडघा टेकण्यापूर्वी पुंजणीने जागा जयणापूर्वक साफ करतो. कॅमेऱ्याच्या पिशवीत ती आता कायमची असते. आरंभी वाटले होते की चित्रे कमी मिळतील. झाले उलटेच. दोन तासांत चार किलोमीटर तुडवून जेवढे दिसत असे, त्याहून अधिक एका वाव-दोन वाव कुंपणापाशी उभे राहून दिसते. थोडा वेळ हललो नाही की पानाखालचा ढालकिडा आपण होऊन वर येतो. दोन पावलांवर, पण गवतात, प्रार्थना कीटक बसलेला दिसतो आणि त्याचे चित्र राहून जाते, असे प्रत्येक खेपेस घडते. अशी राहिलेली चित्रे मी घरी येऊन वहीत लिहून ठेवतो. जुनी सवय, येणे बाकीची नोंद हवीच.

यंदा पाठदुखीमुळे आंबोली हुकली. गच्चीवरच्या कुंडीतील कढीपत्त्यावर मात्र लिंबाच्या फुलपाखराची अंडी सापडली. सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे असतात, मग एका कातीनंतर पानासारखे हिरवेगार होतात. सगळी रूपे टिपली. पंधरा दिवसांत झाडाला एक पान उरले नाही. सौ.ने रोज कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांची प्रगती पाहिली आणि मंडईतून कढीपत्ता विकत आणला. गेल्या रविवारी ती रोपवाटिकेतून दुसरे रोप घेऊन आली. कुंड्यांची जागा तिनेच ठरवली : उन्हातले झाड आपले, भिंतीकडचे त्यांचे. पाखरे हा करार कितपत पाळतात, ते पुढच्या पावसाळ्यात कळेल.