झिजेचा हिशेब : प्रारण सोसणाऱ्या सिलिकॉन संवेदकांचा आढावा

वाराणसीचे बनारस हिंदू विद्यापीठ मराठी वाचकांना नारळीकर पितापुत्रांमुळे परिचित आहे; १९३२ पासून तेथील गणित विभाग घडवणारे विष्णु वासुदेव नारळीकर सापेक्षता सिद्धांताचे अभ्यासक होते, आणि जयंत नारळीकर यांनी १९५७ मध्ये तेथूनच विज्ञानाची पदवी घेतली. याच विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग आज जर्मनीतील डार्मश्टाट येथे उभ्या राहत असलेल्या ‘फेअर’ या त्वरक केंद्रातील ‘सीबीएम’ प्रयोगाच्या सहयोगी संस्थांपैकी एक आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात असावे तसे अतिघन द्रव्य क्षणभर निर्माण करून त्याचे गुणधर्म तपासणे हा या प्रयोगाचा हेतू असून, त्यासाठी सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोन्याची अणुकेंद्रे आदळवली जातील. सेकंदाला एक कोटीपर्यंत टकरी घडवण्याची योजना असल्यामुळे, त्या टकरींतून उडणाऱ्या कणांचे मार्ग टिपणारे सिलिकॉनचे संवेदक किती काळ तग धरतील, हा प्रश्न प्रयोगाच्या आखणीतच येतो.

सिलिकॉन संवेदक ही तत्त्वतः उलट दिशेने विद्युतदाब दिलेली डायोड असते. दाब पुरेसा वाढवला की चकतीच्या संपूर्ण जाडीतून मुक्त विद्युतभार हटतात आणि वाहकमुक्त थर तयार होतो. त्यातून विद्युतभारित कण गेला की वाटेत इलेक्ट्रॉन आणि त्याच्या रिकाम्या जागेची, म्हणजे ‘होल’ची, एकेक जोडी सुटी होत जाते. एका जोडीला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते, त्यामुळे ३०० मायक्रॉन जाडीच्या चकतीत वीस हजारांहून अधिक जोड्या मिळतात. ‘सीबीएम’च्या संवेदकांवर दोन्ही बाजूंना ५८ मायक्रॉन अंतराने १०२४ पट्ट्या असून, एका बाजूच्या पट्ट्या साडेसात अंशांनी कललेल्या असल्याने कण नेमका कोठून गेला, हे दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवून ठरवता येते.

मात्र ज्या कणांची नोंद घ्यायची, तेच कण संवेदकाला झिजवतात. जालकातील अणूला सुमारे २५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा धक्का बसला की तो जागा सोडतो. मागे रिक्त स्थान आणि पुढे आगंतुक अणू अशी जोडी तयार होते, आणि हे दोष एकमेकांशी किंवा स्फटिकातील अशुद्धींशी जुळून कायमचे ठाण मांडतात. निरनिराळ्या कणांचे नुकसान एकाच मापात मोजता यावे म्हणून ते दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनांच्या संख्येत सांगण्याची रीत आहे. ‘सीबीएम’च्या संवेदकांसाठी आखलेली मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी, इतक्या न्यूट्रॉनांची आहे.

या दोषांचे परिणाम तीन प्रकारचे असतात. पहिला म्हणजे गळती प्रवाह : कण गेला नसतानाही वाहणारा हा प्रवाह कोऱ्या संवेदकात नॅनोअँपिअरमध्ये मोजला जातो, पण वरील मर्यादा गाठल्यावर ३२० मायक्रॉन जाडीच्या एका चौरस सेंटिमीटर तुकड्यातून, २० अंश तापमानाला, तो सुमारे १३० मायक्रोअँपिअरवर जातो. दुसरा म्हणजे स्वभावबदल : सिलिकॉनमधील मूळ मिश्रद्रव्याचा प्रभाव मावळून एन-प्रकारचे (मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहक असलेले) सिलिकॉन पी-प्रकारासारखे (मुख्यतः होल वाहक असल्यासारखे) वागू लागते, आणि त्यानंतर संपूर्ण जाडी वाहकमुक्त करण्यास लागणारा दाब वाढतच जातो. तिसरा म्हणजे सापळे : सुटे झालेले इलेक्ट्रॉन पट्टीपर्यंत पोहोचण्याआधीच दोषांमध्ये अडकतात व संकेत क्षीण होतो.

उपायांची दिशाही याच निदानातून ठरली. तापमान सात अंशांनी उतरले की गळती प्रवाह साधारण निम्मा होतो, म्हणून संवेदक शून्याखाली थंड ठेवले जातात. सिलिकॉनमध्ये ऑक्सिजन मुरवल्यास विद्युतभारित कणांमुळे होणारे काही नुकसान आटोक्यात राहते. पी-प्रकारच्या चकतीवर एन-पट्ट्या घेतल्यास स्वभावबदलाचा प्रश्नच उरत नाही व संकेत अधिक चपळ इलेक्ट्रॉनांकडून मिळतो. आणि शेरवुड पार्कर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या त्रिमितीय रचनेत विद्युतअग्रे चकतीच्या आरपार खांबांसारखी उभी केल्याने विद्युतभाराचा प्रवास इतका आखूड होतो की सापळ्यांना संधीच कमी मिळते.

या संशोधनाचे वेगळेपण प्रारण दिलेल्या नमुन्याच्या वागणुकीत दिसते. तो सामान्य तापमानाला राहिला तर आतले दोष सरकत राहतात. आरंभी काही नुकसान भरून निघते, पण पुढे तीच ऊब उलटते आणि लागणारा दाब पुन्हा चढू लागतो. या उष्णताजन्य बदलाला अनुशीतन म्हणतात. म्हणूनच असे नमुने शीतपेटीत जपले जातात, आणि तुलना सर्वांना सारखी करता यावी म्हणून ६० अंशांवर ८० मिनिटे तापवून मगच मोजले जातात.

भारतातही या कामाची परंपरा आहे. सर्नमधील ‘सीएमएस’ शोधकयंत्राच्या प्रीशॉवर विभागासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि दिल्ली विद्यापीठ यांच्या पुढाकाराने सुमारे एक हजार पट्टी-संवेदक बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले. त्या विभागाच्या जागी आता सुमारे ६०० चौरस मीटर सिलिकॉनचे नवे ऊर्जामापक येणार असून, त्याचे काही घटक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जुळवले जातात. तेथील सर्वाधिक मारा ‘सीबीएम’च्या मर्यादेच्या शंभरपटीपर्यंत जाईल व संवेदक उणे ३० अंशांच्या आसपास चालवावे लागतील.

प्रारण सोसणारा संवेदक म्हणजे न झिजणारा संवेदक नव्हे. ज्याची झीज आधी मांडून, तितका दाब, तितकी थंडी आणि तितका संकेत हाती राखून ठेवला आहे, तोच खरा टिकाऊ. हा हिशेब कोऱ्या संवेदकाच्या पहिल्या मोजणीपासून सुरू होतो, आणि ती नोंद नीट राखली नसेल तर दहा वर्षांनी काय गमावले हे सांगायला आधारच राहत नाही.