रेंज आली, पण इंटरनेट पोहोचलं का?

मंडळी, विषय गडचिरोली आणि मेळघाटातल्या इंटरनेटचा, आणि आपण बसलोय महालात. संबंध काय, असं कुणाला वाटेल. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे शहर वसवलं. गोंड राजाचा किल्ला इथेच, महालात. त्या समाजाच्या माणसाला आज जातीचा दाखला ऑनलाइन काढायचा असेल तर फॉर्म मराठीत किंवा इंग्रजीत उघडतो, गोंडीत उघडत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते आणि कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार. दोन्ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाहीत. भाषेकडे आपण पुन्हा येऊ. आधी टॉवरचं बघू.

फोनवर रेंजच्या दोन कांड्या दिसल्या की आपल्याला वाटतं, झालं, इंटरनेट आलं. पण टॉवर म्हणजे नळाची तोटी. मागे पाइपलाइन नसेल तर तोटी सोन्याची असली तरी पाणी येणार नाही. शहरात ही पाइपलाइन म्हणजे जमिनीतली फायबर केबल. जंगलात ती टाकणं अवघड, म्हणून अनेक ठिकाणी टॉवर उपग्रहाशी जोडतात. हा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जातो, खाली येतो, उत्तर पुन्हा वर जातो, पुन्हा खाली येतं. यात जवळपास अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद काही मोठा नाही हो. पण उपग्रहाची जोडणी महाग, म्हणून एका टॉवरच्या वाट्याला ती अरुंदच येते, आणि त्यातच चार-पाच गावं पाणी भरायला उभी.

वीज हा दुसरा भाग. टॉवर सोलरवर असेल आणि पावसाळ्यात चार दिवस ऊन पडलं नाही, तर बॅटरी बसते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात वाचत आलो. रस्ता तुटला की दुरुस्तीवाला कुठून येणार? म्हणजे निरोप देण्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं.

सरकारने काही केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. २०१४ मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त भागांसाठी सुमारे २,२०० टॉवर मंजूर केले. ते टूजी होते, म्हणजे बोलणं आणि एसएमएस इतपतच. एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ टॉवरांना फोरजी करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी जुलैत देशातल्या २४,६८० गावांपर्यंत फोरजी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतही मोबाइल टॉवर आहेत. ती अतिअसुरक्षित आदिवासी गटांसाठी आहे. महाराष्ट्रात हे गट तीन: माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी.

आता मेळघाटातलं हरिसाल घ्या. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. आरोग्य केंद्रात टेलिमेडिसिन, शाळेत ई-लर्निंग, दुकानात कार्ड. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरेंनी सभांमध्ये तिथले व्हिडिओ दाखवले आणि यातलं काहीच चालत नाही म्हणाले. सरकारने उलट उत्तर दिलं. कोण जिंकलं हा आपला विषय नाही. त्या भांडणात एक साधा प्रश्न राहून गेला: उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षी मशीन बंद पडलं तर ते दुरुस्त कुणी करायचं, आणि तोवर गावाने काय करायचं?

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा का वाटतो, ते सांगतो. भामरागड तालुक्यातल्या एका गावात आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. गावाबाहेर चढावर एक मोहाचं झाड आहे. रेंज त्या झाडाखालीच येते, म्हणून फांदीला पिशवी बांधून त्यात फोन ठेवतात. तिथे एक आजी सकाळपासून बसलेल्या. योजनेचं ई-केवायसी करायचं होतं. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा मिरची तोडायला तेलंगणात. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार, त्याने तो वाचून फोनवर सांगायचा, इथे पोराने तो टाकायचा, आणि हे सगळं काही मिनिटांत. पेज उघडेपर्यंत ओटीपी मेला. तीनदा मेला. दुपारी आजी उठल्या आणि मोह वेचायची टोपली दुरुस्त करायला घरी गेल्या. आम्हीच जास्त चिडलेलो होतो.

यात दोष कुणा एकाचा नाही, रचनेचा आहे. नेटवर्क नंतर आलं, नेटवर्क हवं असा नियम आधी आला. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर हजेरी, दिवसातून दोनदा, ठिकाणाच्या नोंदीसह फोटो. महालात मशीन अडलं तर आपण दहा मिनिटं कटकट करतो. तिथे मशीन अडलं तर दिवसाची मजुरी अडते, महिन्याचं धान्य अडतं. आधार जुळलं नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. ही सूचना आजींना कुणी सांगितली? ती वेबसाइटवर आहे, बरं का.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष सुमारे ६१ टक्के, बाया ३८ टक्के. घरात फोन एक असला की तो कुणाच्या खिशात असतो, हे इथे सांगायला नको.

आता भाषा. गोंडीच्या दोन लिप्या, मसराम आणि गुंजाला, अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या. चांगलंच झालं. पण जो कुठलीच लिपी वाचत नाही, त्याला आवाज लागतो. २०१० मध्ये छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वरा सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपल्या भाषेत तक्रार किंवा बातमी बोलायची, ती तपासून बाकीच्यांना ऐकवली जाते. त्यातूनच ‘बुल्टू रेडिओ’ निघाला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ. जिथे नेट आहे तिथे कुणीतरी कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि बाजाराच्या दिवशी फोनवरून फोनवर द्यायचा. नेट नसलेल्या गावातही आवाज पोहोचतो. आमच्या मते टॉवरांच्या आकड्यांपेक्षा ही युक्ती जास्त शिकण्यासारखी आहे, कारण तिने गाव आहे तसं धरलं.

व्याख्यानानंतर एकाने विचारलं, “आता स्टारलिंक येतंय. मग हे सगळं सुटेल ना?” नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं, आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव ही नावं आहेत. ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तो अर्धा सेकंद वाचेल आणि पाइपलाइनही रुंद होईल. शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत यांना फायदा होईल, यात शंका नाही. पण डिशला वीज लागेल, महिन्याचं बिल कुणीतरी भरेल, आणि आजींचा नंबर तरीही मुलाच्या खिशातच असेल. त्यासाठी उपग्रह नको. ओटीपीला पर्याय म्हणून ग्रामसभेत ओळख पटवून कागदावर सही किंवा अंगठा चालेल, एवढा एक शासन निर्णय पुरे.