वारसा यादी म्हणजे जप्ती नव्हे

नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या महागावसारख्या गावात जुना वाडा जपायचा विषय निघाला, की मालक धास्तावतो: ‘यादीत नाव गेलं, घर सरकारजमा!’ धास्ती समजण्याजोगी आहे, पण समज चुकीचा आहे.

वारसा यादी म्हणजे जपण्याजोग्या वास्तूंची नोंद. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढला म्हणून शेताचा मालक बदलत नाही, तसेच हे. विक्री, वहिवाट, वारसाहक्क मालकाकडेच राहतात. पाडण्याआधी किंवा रूप बदलण्याआधी परवानगी मात्र लागते.

मुंबईत 1995 साली अशी नियमावली लागू झाली. तिच्यात वास्तूंच्या तीन श्रेणी (महत्त्वानुसार दर्जे) आहेत. पहिलीत बदलांना जवळपास मज्जाव, दुसरीत आतले फेरफार शक्य, तिसरीत त्याहून सैल नियम. गोंधळ होतो तो संरक्षित स्मारकाशी (पुरातत्त्व कायद्याखाली घोषित वास्तू). केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते. वारसा यादीतल्या घराला ती लागू नाही. दुरुस्तीही चालते. उलट मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की ओल आतच कोंडते. त्याला दुरुस्ती म्हणणे कठीणच!

वाड्याचे सागवान विकायला काढण्याआधी मालकांनी नगरपंचायतीत एकदा चौकशी जरूर करावी.