शेजारी राज्यं, शेजारी देश : लेखांक ६
मदत पोत्यावर की शेतावर?

नोव्हेंबर लागला की मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या पूर्वेला, छत्तीसगडच्या हद्दीवर, धानासाठी नाके उभे राहतात. परसवाडा-बैहर टापूतल्या धानाची गाडी तिकडे वळली तर अडवली जाते, कागद मागितले जातात. २०१७ साली जीएसटी आला, विक्रीकराचे नाके उठले. मग हे नाके कशासाठी?

२०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. छत्तीसगड सरकार आपल्या शेतकऱ्याला वरची मदत धरून ३,१०० देत होतं, तेही एकरी २१ क्विंटलपर्यंत. हद्दीच्या दोन्ही बाजूंना पाऊस तोच, माती तीच, भावात मात्र ८०० रुपयांचा फरक. चाळीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे ३२,००० रुपये! एवढा पैसा दिसत असताना धान जंगलवाटेनं जाणारच, आणि पलीकडे कुणाच्या तरी सात-बाऱ्यावर मोजलं जाणारच. त्यात शेतकऱ्याच्या हाती थोडं लागतं, बहुतेक मलई मधला व्यापारी खातो.

युरोपनं हेच दुखणं चोवीस वर्षं अंगावर काढलं. सहा देशांनी १९५७ मध्ये रोमचा करार केला आणि १९६० च्या दशकात शेतमालाचे भाव एकत्र बसून ठरवले. पण ऑगस्ट १९६९ मध्ये फ्रान्सनं फ्रँकचं अवमूल्यन केलं, दोनच महिन्यांनी जर्मनीनं मार्क वधारवला. ठरलेला भाव फ्रान्समध्ये चढला असता, जर्मनीत पडला असता. दोन्ही सरकारांना ते नको होतं. म्हणून हद्दीवर शेतमालावर कुठे आकार, कुठे भरपाई सुरू झाली, तात्पुरती म्हणून. आयर्लंडच्या सीमेवर तीच ती डुकरं भरपाईसाठी पुन्हा पुन्हा इकडून तिकडे नेली जात. १ जानेवारी १९९३ ला अंतर्गत सीमांवरची तपासणी बंद झाली, तेव्हा कुठे हा प्रकार संपला.

मला महत्त्वाची वाटते ती त्याच्या आदल्या वर्षीची सुधारणा. युरोपचे कृषी आयुक्त रे मॅकशॅरी यांनी धान्याचा आधारभाव जवळजवळ एक तृतीयांश उतरवला आणि शेतकऱ्याचं नुकसान हेक्टरी रक्कम देऊन भरून काढलं. पोतं हद्द ओलांडून जातं, शेत जात नाही. मदत शेताला बांधली की चोरट्या वाहतुकीतला नफाच उरत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रानं हा बदल केला आहे. गोंदिया-भंडाऱ्यात पूर्वी धानाचा बोनस क्विंटलमागे मिळे आणि बाहेरचं धान केंद्रावर येतं अशी ओरड दर हंगामात व्हायची. २०२२-२३ पासून तो हेक्टरी झाला; २०२४-२५ ला हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. मध्य प्रदेशानंही २०२४ च्या खरिपासाठी हेक्टरी ४,००० दिले. छत्तीसगडची मदत मात्र मोजलेल्या धानावरच राहिली, म्हणून ओढ तिकडेच.

या वाटेत खड्डा आहे आणि तो लहान नाही. हेक्टरी पैसा सात-बारा किंवा खसरा ज्याच्या नावावर, त्याला जातो. बटईनं शेत करणाऱ्याच्या हाती चुकाराही उशिरा येतो नि बोनस येतच नाही. युरोपातही अशा मदतीतले सुमारे ८० टक्के पैसे २० टक्के मोठ्या जमीनधारकांकडे जातात. म्हणून पेरणाऱ्याची वेगळी नोंद झाल्याशिवाय हेक्टरी मदत पुरी पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे ठरवायचं कुठे? ब्रुसेल्समध्ये सदस्य देशांचे कृषिमंत्री नेमानं एका टेबलाशी बसतात, भांडतात, उठताना काहीतरी ठरवून उठतात. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि गोंदियाचा कारभार नागपूरहूनच चाले. आज मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मध्य क्षेत्रीय परिषदेत, महाराष्ट्र पश्चिम क्षेत्रीय परिषदेत. एकाच धानपट्ट्याच्या तीन सरकारांना एकत्र बसायला यातली कुठलीच परिषद नाही. घटनेच्या २६३ व्या कलमाखालची आंतरराज्य परिषद हे काम करू शकते का, ते पुढच्या लेखात पाहू.